ब्राझीलचा आठवडा आणि कावेरीचे केस

बेंगळूरच्या आमच्या विद्यापीठाच्या फाटकापासून सभागृहापर्यंतची झाडं परवा गुलाबी झाली. अंगावर एक पान नाही, नुसती फुलं. मुलंमुली खाली उभं राहून फोटो काढतात. गाडीवाले गाडी थांबवून काढतात. येलहंक्याहून मला घेऊन येणारी बससुद्धा त्या वळणावर जरा रेंगाळते. मी मात्र खाली बघून चालते. पाकळ्या चपलेला चिकटतात. ही फुलं आली की थोड्याच दिवसांत सभागृहाच्या दारावर हिरवा-पिवळा कागद लागतो. ब्राझीलचा आठवडा.

मी त्या सभागृहात झाडलोट करते. खुर्च्या पुसते, पडदे झटकते, कार्यक्रम संपला की कागदी पेले गोळा करते. तिथे वर्षभर काही ना काही चालू असतं. भाषणं, नाटकं, पदवीचा मोठा सोहळा. त्या कशाचं मला काही वाटत नाही. या एकाच आठवड्याचं वाटतं. त्या दिवसांत मी कावेरीच्या डोक्याकडे बघत राहते. ती समोर असली तर डोळ्यांनी, नसली तर मनानं. कावेरी माझी एकुलती एक मुलगी. आता नोकरीला लागली आहे, मारतहळ्ळीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, रविवारी घरी येते. आली की मी आधी तिला पाणी देते आणि पाणी देताना तिच्या मानेमागे बघते. तिला ते कळतं. ती केस बाजूला करून मान दाखवते.

दोन वर्षांपूर्वीचा तो आठवडा माझ्या आत अजून संपलेला नाही.

तेव्हा कावेरी याच विद्यापीठात शिकत होती. ब्राझील कुठे आहे ते तिनंच मला सांगितलं. पृथ्वीच्या पार पलीकडे. आपण उठतो तेव्हा ते झोपायला जातात. ही गुलाबी झाडंही मुळात तिकडच्याच बाजूची, असं म्हणाली. मला गंमत वाटली. एवढ्या लांबून आलेलं झाड आणि इथल्या मातीत असं काही उभं आहे की जणू आपल्या गावचंच.

आठवड्याचे पहिले दिवस सिनेमांचे होते. मी आणि मंजुळाक्का, म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी कोलारकडची बाई, आम्ही दोघी मागच्या दाराजवळच्या पायरीवर बसायचो. सिनेमा संपल्यावर लगेच झाडायचं असायचं म्हणून आम्हाला बसू देत. बोलणं त्यांच्या भाषेत, खाली अक्षरं इंग्रजीत. आम्हाला दोन्ही येत नाहीत. पण एका सिनेमात लाल मातीचा रस्ता होता, कडेला केळी, फणस, एक शेळी दोरीला हिसके देत होती. मंजुळाक्का एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, "अय्यो, हे तर आमचंच गाव की!" पुढचे चारजण मागे वळून बघायला लागले.

ती गोष्ट स्वतःच रचायची. पडद्यावर एक माणूस दारात उभा राहून आतल्या बाईकडे बघत होता. मंजुळाक्का माझ्या कानात म्हणाली, "हा नवरा नाही. दीर आहे."

"भाऊ असेल," मी म्हणाले.

"भाऊ असं बघतो? अक्का, तुझं कसं होणार! एवढी वर्षं बेंगळूरात राहून तुला स्वल्पसुद्धा कळत नाही."

मला हसू यायचं, पण मी पडद्यावर दुसरंच बघत असायचे. सिनेमा कुठलाही असो, त्यात एखादी पोरगी गाणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांच्या मागे पळत जायची, आणि कुठेतरी खिडकीत तिची आई असायची. कॅमेरा पोरीच्या मागे जायचा. मी खिडकीतच राहायचे. ती बाई आत जाऊन काय करत असेल? चुलीवर काही असेल का? पोरगी परत आली का? ते कधी दाखवत नाहीत.

मग वाद्यं आली. मोठे ढोल, लहान ढोल, झांजा लावलेली डफासारखी वाटोळी कातडी. त्यांच्याबरोबर एक उंच, सावळी, हसऱ्या तोंडाची बाई आली. लुसिया तिचं नाव. ती दुपारी मुलामुलींना वाजवायला शिकवायची आणि शनिवारी त्यांच्याकडून कार्यक्रम करून घेणार होती. मी तिच्याकडे एकदाच नीट बघितलं आणि माझी नजर खाली गेली. तिच्या पाठीवर केसांचे जाड दोर होते. कंबरेपर्यंत. आमच्याकडे त्याला जट म्हणतात.

त्याच दुपारी मी खुर्च्या पुसत होते. रंगमंचावर कुणीतरी एक वाद्य वाजवलं. ढोलच, पण थाप नाही. आत हात घालून एक काठी चोळत होते आणि त्यातून माणसासारखा आवाज येत होता. कधी हुंदका, कधी कुणीतरी हसतंय, कधी लहान मूल काही मागतंय. मंजुळाक्का खो खो हसली, "ढोलाला पोटशूळ झालाय बघ!" माझ्या हातातलं फडकं थांबलं होतं. मला तो आवाज माहीत होता. त्या वाद्याला कुईका म्हणतात हे कावेरीनं नंतर सांगितलं. आमच्याकडे त्याच्या सख्ख्या बहिणीला चौंडकं म्हणतात. त्यात काठी नसते, तार असते; चौंडकं काखेत धरून ती तार ताणत वाजवतात. पण बोलतं ते तसंच. रडल्यासारखं, हसल्यासारखं.

माझी थोरली बहीण तानूताई चौंडकं वाजवायची.

आमचं गाव निपाणीच्या बाजूला. तानूताई बारा-तेरा वर्षांची असताना तापानं आजारी पडली. फार दिवस अंथरुणाला होती, उठली तेव्हा केसांचा गुंता झालेला. आईनं तेल लावून सोडवायला घेतला, तेवढ्यात दारात जोगतीण आली. तिनं तो गुंता बघितला, त्याला हळदीचा भंडारा लावला आणि म्हणाली, डोंगरावरच्या देवीआईनं तुझी पोर मागितली, आता हिला फणी लावू नको. बस. एवढंच झालं. त्यानंतर त्या केसांना कुणी हात लावला नाही. जट वाढत गेली. पुढच्या पौर्णिमेला तानूताईला डोंगरावर नेलं, गळ्यात देवीच्या नावाचे मोती बांधले, आणि ती आमची राहिली नाही. परडी घेऊन ती दारोदार जायची. आमच्याही दारात यायची. आई परडीत पीठ घालायची आणि सगळ्या बायकांसारखी वाकून आपल्याच पोरीच्या पाया पडायची. मी दाराआडून बघायचे. तानूताई आईच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत असायची.

मी तेव्हा चौथीत होते. एक दिवस आईनं मला मागच्या अंगणात बसवलं आणि उवा झाल्यात म्हणून माझं डोकं भादरून टाकलं. उवा नव्हत्या. वाढले की पुन्हा भादरलं. शाळेत पोरं डोक्यावर टपली मारून पळायची. मी मुळातच कुणाशी न बोलणारी. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि मग कुणी पाठवलंही नाही. आईला ते चाललं. पोर घरात डोळ्यांसमोर होती आणि तिच्या डोक्यावर गुंता व्हायला केसच नव्हते.

तानूताई गेली तेव्हा मी लग्न होऊन बेंगळूरात आले होते. जटेच्या वजनानं तिची मान दुखायची, असं कुणीतरी सांगितलं. मला तेवढंच लक्षात राहिलं. मान दुखायची.

कावेरीचे केस लहानपणापासून दाट. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय माया आहे हो तुमची, रोज एवढा वेळ पोरीचे केस विंचरता. मी हसून मान हलवायचे. ती माया नव्हती असं नाही. पण फणी डोक्यातून फिरताना कुठे अडकली की माझा श्वास अडकायचा. तो गुंता सुटेपर्यंत मी तिला हलू द्यायचे नाही. ती रडायची. "दुखतंय आई." मी सोडायचे नाही. शाळेची रिक्षा बाहेर हॉर्न वाजवत असली तरी नाही.

त्या आठवड्यात माझी नणंद आमच्याकडे होती. माझं सासरही निपाणीकडच्या आमच्याच गावातलं आणि तीही तिथेच दिलेली; डोळ्याच्या ऑपरेशनला आली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला कमी दिसायचं. मी तिला वन्सं म्हणते. वन्सं वाईट बाई नाहीत. माझं बाळंतपण त्यांनीच केलं. पण देवाधर्माचं फार. कावेरी चार-पाच वर्षांची असताना गावी तिच्या केसात चिंचेचा कोळ लागून गोळा झाला होता. वन्संनी तो बोटांनी चाचपून माझ्याकडे बघितलं होतं आणि नुसतं "बघ हं" एवढंच म्हणाल्या होत्या. मी तिला तशीच उचलून विहिरीवर नेलं होतं आणि गोळा सुटेपर्यंत केस धुतले होते.

गुरुवारची संध्याकाळ. पावट्याच्या दिवसांत इथे घरोघरी सोललेल्या दाण्यांचा वास असतो. वन्सं पलंगावर बसून, सूप मांडीवर घेऊन, भिजवलेले दाणे दाबून दाबून सालीतून काढत होत्या. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटं चालत होती. मी भाकऱ्या करत होते. दार वाजलं आणि कावेरी आत आली.

"आई, कशी दिसते?"

तिच्या डोक्यावर दोर होते. जाड, पिळलेले, खांद्यावर लोंबणारे. लुसियानं दुपारभर बसून सगळ्या वाजवणाऱ्या मुलींचे केस असे लोकर घालून पिळले होते. ती वळून वळून दाखवत होती. मला ती दिसत नव्हती. मला तानूताई दिसत होती. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती आणि मी ती उलटत नव्हते.

वन्संच्या मांडीवरचं सूप खाली गेलं. दाणे घरभर. त्या उठल्या, हात पुढे धरून कावेरीपर्यंत गेल्या, एक दोर मुठीत घेतला आणि वरपासून खालपर्यंत चाचपला.

"आई आली," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "उदं गं आई, उदं."

"आत्या, लोकर आहे ती. ओढून बघा."

"बोलू नगंस. तू आता काय बोलू नगंस."

त्या देव्हाऱ्याच्या फळीकडे चाचपडत गेल्या, हळदीची वाटी आणली, कावेरीच्या कपाळाला लावली, दोराला लावली. मग वाकल्या आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

कावेरी हसली. मोबाइल काढून फोटो घेणार होती. मग तिला दिसलं की आत्या उठत नाहीये. पायावर काहीतरी ओलं लागत होतं. तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, सांग ना ह्यांना काहीतरी."

मी तव्यावरची जळकी भाकरी काढून खाली ठेवली.

जेवणं व्हायच्या आत वन्संनी गावी फोन केला होता. मोठे दीर फोनवर आले. केसाला हात लावू नका, कात्री तर घरात नको, पौर्णिमा तोंडावर आहे, पोरीला घेऊन या, आईसमोर काय ते ठरवू. कावेरीचे पप्पा कंपनीची बस चालवतात, दमून आले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते खूप वेळ बूट काढत बसले.

"लोकरच आहे ना?" ते म्हणाले.

"लोकरच आहे."

"मग शनिवारी निघेल." मग बूट बाजूला सारून म्हणाले, "पण दादा म्हणतो तर पौर्णिमेपर्यंत राहू दे की. आपलं काय जातं? उगाच कुणाला बोट ठेवायला जागा नको."

आपलं काय जातं. आमच्याही घरी असंच कुणीतरी म्हणालं असणार. पौर्णिमेपर्यंत राहू दे.

कावेरी भडकली. "हा गुन्हा आहे, पप्पा. पोरी देवीला सोडणं कायद्यानं बंद आहे. मी पोलिसांत जाईन."

"तुला कोण मोती बांधतंय गं? नुसतं दर्शन घेऊन यायचं."

मी तिला त्या रात्री जेवताना तानूताईचं सगळं सांगितलं. तिला एवढंच माहीत होतं की एक मावशी होती, लवकर गेली. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणून एवढं ओढून विंचरायचीस?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं माझे केस तुला आवडतच नाहीत."

मी म्हणाले, "काढून टाक ते. आत्ता. मी सोडवून देते." ती नाही म्हणाली. शनिवारी कार्यक्रम आहे, सगळ्या मुलींचे तसेच आहेत, आणि आता तर ती मुळीच काढणार नाही. "तू घाबरतेस, पप्पा घाबरतात, आत्या घाबरते. मीही घाबरले तर संपलंच. केस आहेत, आई. नुसते केस." तिनं डोकं हलवून दोर पाठीवर टाकले. ती खरं बोलत होती. आणि मला वाटत होतं की असं खरं बोलणाऱ्यालाच पहिल्यांदा उचलून नेतात.

दुसऱ्या दिवशी मी लुसियाला भेटायचं ठरवलं. तिला सांगायचं की बाई, माझ्या एकटीच्या मुलीचे तेवढे सोडव. बसमध्ये मनात वाक्यं जुळवत गेले. मराठीत, मग हिंदीत, मग हातवाऱ्यांनी. रंगमंचामागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ती एकटीच होती, खुर्चीत बसून ढोलाचं कातडं फडक्यानं पुसत होती. माझ्याकडे बघून गोड हसली. माझ्या हातात झाडू होता. तिला वाटलं मी झाडायला आले. तिनं पाय वर घेतले. मी तिच्या खुर्चीखालून झाडलं आणि परत आले.

मंजुळाक्काला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती पायरीवर बसून पान लावत होती. "एनू आगल्ल," ती म्हणाली. म्हणजे काही होत नाही. मग पान गालात सारून म्हणाली, "पण पौर्णिमा कधी आहे गं?" तेव्हा मला कळलं की तीही घाबरली.

लुसियाच्या केसांबद्दल कावेरीनं मला एक सांगितलं होतं. तिची आजी लोकांच्या घरी कामाला जायची, तेव्हा मालकिणीला चालत नाही म्हणून केस फडक्याखाली दाबून बांधायची. जन्मभर. म्हणून ही असे ठेवते, दिसतील असे. मी शुक्रवारभर त्या आजीचा विचार करत होते. तिकडे एका बाईनं केस झाकले म्हणून तिची नात ते मिरवते. इकडे एका बाईच्या केसांना हळद लागली म्हणून तिची बहीण जन्मभर फणी घेऊन बसते. त्या आजीला आणि तानूताईला समोरासमोर बसवलं असतं तर त्या एकमेकींना काय म्हणाल्या असत्या? मला वाटतं, काही म्हणाल्या नसत्या. मान दुखते का एवढंच विचारलं असतं.

शनिवारी वन्सं कार्यक्रमाला यायला निघाल्या. मी नको म्हटलं. "माझी भाची वाजवणार, आईला डोईवर घेऊन वाजवणार, आन् मी घरात बसू?" त्या म्हणाल्या. नवी साडी नेसल्या, पट्टीवरून काळा चष्मा लावला. मी त्यांना हाताला धरून मागच्या ओळीत बसवलं. मी गणवेशात होते. त्यांच्या शेजारी बसायचं की पायरीवर, ते मला कळेना. शेवटी खुर्चीच्या कडेला टेकले.

पडदा सरकला. दहा-बारा मुली, सगळ्यांच्या डोक्यावर दोर. वन्सं पुढे वाकल्या. बराच वेळ डोळा बारीक करून बघत राहिल्या.

"एवढ्या सगळ्याजणींवर एकदम आली व्हय गं आई?"

"फॅशन आहे, वन्सं."

"त्यांची फॅशन असंल." त्या पुन्हा टेकून बसल्या. "आपल्या घराण्यातली खरी."

मग ढोल सुरू झाले. छातीत वाजत होते. पुढची पोरं उठून नाचायला लागली, एक प्राध्यापक बाई चपला काढून नाचत होत्या. कावेरी डाव्या बाजूला होती. तिच्या गळ्यात मोठा ढोल, ती ओठ दाबून मोजत होती, आणि मग मोजायचं विसरली आणि तिचं सगळं अंग वाजवायला लागलं. मी माझ्या मुलीला असं कधी बघितलं नव्हतं. घरात ती पाय आपटते, दार लावते. इथे तिचा राग कुठे गेला होता कोण जाणे. मला वाटलं, हिला कुणी थांबवू नये. आणि लगेच वाटलं, हिला कुणी बघू नये. दोन्ही एकाच वेळी.

मध्येच ढोल थांबले आणि लुसिया एकटी पुढे आली. कुईका बोलायला लागली. हसली, हुंदके दिले, काही मागितलं. वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं.

"चौंडकं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझी बहीण लई छान वाजवायची." मला वाटत होतं गावात तानूताईचं नाव सगळे विसरले. वन्संच्या चष्म्याखालून पाणी आलं. "दारात आली की माझी पोरं पळत जायची. मला वाटायचं, तिला आत बोलवावं, जेवाय घालावं. पण कसं बोलवायचं? ती आई होती की."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

रविवारी सकाळी कावेरी माझ्यासमोर पाटावर बसली. "सोड आता," म्हणाली. वन्सं पलंगावर होत्या. हे दाढी अर्धवट सोडून दारात उभे. मी एकेक दोर सोडवायला लागले. लोकर निघत होती, केस मोकळे होत होते. लाल, पिवळी, हिरवी लोकर जमिनीवर. माझ्या जिवात जीव येत होता. शेवटचा दोर मानेजवळचा. त्यातली लोकर निघाली, पण केस सुटेनात. घाम, हळद, तेल, सगळं मिळून घट्ट झालं होतं. मी फणी घातली, अडकली. सुई घेतली. तेल ओतलं. सुटेना.

वन्सं उठून बसल्या. "बघितलंस? बाकीचं लोकर हुतं. ह्यो न्हाई."

कावेरी वळायला लागली. "काय झालं? आई, काय झालं?" पहिल्यांदा तिच्या आवाजात ती भीती होती. ती मी ओळखते. अंगणात भादरून घेताना माझ्या आवाजात तीच होती.

मी उठले. भाजीच्या टोपलीत कात्री असते, दुधाच्या पिशव्या कापायची. ती घेतली.

"अगं, थांब जरा," हे म्हणाले.

"घर बुडंल," वन्सं म्हणाल्या. "हात लावलास तर घर बुडंल. तुझ्या हातानं बुडंल."

"माझ्याच हातानं बुडू दे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. त्या घरात एवढ्या मोठ्यांदा मी कधी बोलले नव्हते. "तिच्या डोक्यावर नको."

कात्री बोथट होती. एका झटक्यात झालं नाही. करकर करत चावत चावत कापावं लागलं, आणि सगळा वेळ कावेरी मान खाली घालून गप्प बसली होती, लहानपणी बसायची नाही तशी. गुंता हातात आला. चिमणीच्या घरट्याएवढा. त्याचं काय करतात ते मला माहीत होतं. नदीला सोडतात, डोंगरावर नेतात. मी तो केराच्या सुपलीत टाकला, वर लोकर टाकली, आणि खाली जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

एका बाजूचे केस फार वर गेले म्हणून कावेरीनं दुसऱ्या दिवशी सगळेच कापून घेतले.

त्याला दोन वर्षं झाली. मी सुटले असं म्हणता येत नाही. ह्यांना खोकला झाला की मला वाटतं, झालं सुरू. ह्यांच्या बसचा ब्रेक एकदा उतारावर लागला नाही, कुणाला काही झालं नाही, तरी मी तीन दिवस जेवले नाही. कावेरीला पहिली नोकरी मिळाली नाही तेव्हा मी कात्रीकडे बघत राहिले. दुसरी मिळाली तेव्हा वाटलं, ही तात्पुरती असेल. बुडायचं ते कधी बुडणार, हे कुणी सांगितलेलं नाही. त्याला मुदत नाही. कावेरी म्हणते, "आई, काही झालं नाही. बघ ना, काहीच झालं नाही." मी हो म्हणते. मनात म्हणते, अजून.

वन्सं त्या वेळी माझ्याशी न बोलता गावी गेल्या. पण महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात. "सगळी बरी हाईत न्हवं?" "बरी आहेत." त्या काय विचारतात ते मला कळतं, मी काय सांगते ते त्यांना कळतं. त्याही मोजत असतात. मला वाटायचं, काहीतरी व्हायची वाट बघतात. आज कळलं की तसं नव्हतं.

आज सकाळी मी सभागृहाच्या पायऱ्या धुत होते. कागद लावायला मुलं शिडी घेऊन आली होती. वन्संचा फोन आला. आवाज दाबून बोलत होत्या, बहुतेक परसात जाऊन.

"गौरी आजारी हुती गं." गौरी त्यांची नात, पहिलीत आहे. "ताप उतरला. पण कानामागं केसांचा गोळा झालाय."

मी नळ बंद केला. "कुणी बघितलं?"

"कुणी न्हाई. सुनंलाबी दावलं न्हाई. दादा दोनदा घरात यून गेला, मी तिला पांघरूण घालून निजवली."

"तेल लावून बघा."

"सुटंना."

"मग कात्री घ्या, वन्सं."

पलीकडे कोंबडी ओरडत होती. मग त्या म्हणाल्या, "कात्री हाय गं घरात. हात हुईना." आणि लगेच, एखाद्या लहान मुलीनं विचारावं तसं, "खरंच काय हुत न्हाई का गं?"

मी म्हणाले, "तिला कानटोपी घाला. कुणी विचारलं तर कान दुखतोय म्हणा. मी येते."

मुकादमानं सुट्टी देताना तोंड वाकडं केलं, ऐन आठवड्यात जातेस म्हणून. मंजुळाक्का माझं काम बघणार आहे. कावेरीला फोन करून सांगितलं, ती मीही येते म्हणाली, मी नको म्हटलं. घरी येऊन पिशवी भरली. नवी कात्री घेतली आहे, धारेची. हे लिहिताना माझे हात थरथरताहेत, अक्षर नीट येत नाही. पण निपाणीची गाडी संध्याकाळी आहे. तोवर थरथरू देत.